चार नंबरची ओळ

किनखेडे साहेबांना एकच शब्द दोनदा दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. रजेच्या अर्जात ‘कृपया’ दुसऱ्यांदा आलं तर लाल पेनानं खोडून अर्ज परत. सकाळी दारातूनच सगळ्यांना मिळून एक नमस्कार ठोकायचे. नंतर जिन्यात कोणी हात जोडले तरी बघायचे नाहीत. नागपुरातल्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला आणि हा माणूस त्या थंडगार खोलीचा मालकच झाला. मला तो कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही.

माझं आणि मेश्रामबाईंचं काम कर्मचाऱ्यांची माहिती भरण्याचं. प्रत्येकाची एक ओळ: नाव, हुद्दा, जात. जातीच्या रकान्यात आम्ही अख्खा शब्द टाइप करायचो. आम्ही दोघंही दीक्षा घेतलेल्या घरांतले. आमच्या माणसांपुढे कुठं ‘बौद्ध’, कुठं ‘नवबौद्ध’, कुठं ‘बुद्धिस्ट’ पडायचं. मोजायला गेलं की कॉम्प्युटर हे तीन निराळे समाज समजायचा.

“तेच ते काहून लिहून राहिले गा?” साहेब खेकसले. “एक गोष्ट, एक जागा!”

त्यांनी जातींचा वेगळा छोटा तक्ता केला. तिथं प्रत्येक जात एकदाच, तिच्यापुढे नंबर. माणसांच्या ओळींत फक्त तो नंबर; यादी छापताना मशीन त्या जागी तक्त्यातलं नाव घालायचं. व्यवस्था बिनतोड होती, हे लिहितानाही माझा जळफळाट होतो. कारण त्या तक्त्यात चार नंबरला त्यांनी आमच्या बापांनी टाकून दिलेलं जुनं नाव लिहिलं. एका दुपारीत आम्ही सगळे परत त्या नावाचे झालो. तक्त्याला पासवर्ड होता, आणि तो फक्त त्यांच्याजवळ.

मेश्रामबाई तणतणत गेल्या. “साहेब, माह्या बापानं हे नाव सोडलं. तुम्ही कोण परत चिकटवणारे?”

“बाई, मशीनले नंबर समजते. तुम्ही चार.”

तेव्हापासून तीच आमची हाक. चहा आला की म्हणायचे, “चार नंबरले बी द्या.” खोली हसायची. वर तक्रार केली, तर ‘मशीनचं आम्हाला कळत नाही’ असं वरून उत्तर आलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी संत्रा बर्फीला हात लावला नाही. खुर्ची मला मिळाली, पासवर्डही. दुसऱ्या सकाळी मेश्रामबाईंना शेजारी बसवून मी चार नंबरची ओळ उघडली. टाइप त्यांनी केलं.

पुढे साहेब कसलासा दाखला न्यायला आले. टेबलावर नुकतीच छापलेली यादी होती. त्यांनी वाचलं: ‘बौद्ध’. खालीही ‘बौद्ध’. पान उलटलं, तिथंही तेच. हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

“कुठं कुठं बदललं गा हे?”

“एकाच जागी, साहेब,” मी म्हणालो.