मॅलेट्स बोअरचं पहिलं फाटक

रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्यावर टिकून राहायची स्पर्धा, म्हटलं की लोकांना घोड्यावर बसलेलाच दिसतो. खाली फाटक धरून उभा असलेल्याला कुणी विचारत नाही. आमच्या मॅलेट्स बोअर गावात मात्र तसं नाही. इथे क्लॅरी ऑक्सनबोल्डचं नाव निघालं की पबमधला सगळ्यात तोंडाळ माणूससुद्धा आवाज खाली घेतो.

हा रोडिओ सुरू झाला तोच मुळी रिकामटेकडेपणातून. दुष्काळाचं वर्ष होतं. गुरं चाऱ्यासाठी लांब दक्षिणेला हाकललेली, आणि गुराखी पबच्या ओट्यावर माश्या मारत बसलेले. पबवाल्याची एक करडी घोडी होती, महाखट. पाठीवर कुणाला टिकू म्हणून द्यायची नाही. तिच्यावरून पैज लागली, आणि चार दांडगटांनी मिळून लाकडाचं रिंगण ठोकलं. घोडीला कोंडून वर बसता यावं म्हणून फळ्यांचा अरुंद खोडा केला, पण फाटकाला कडी लावायचं कुणाला सुचलंच नाही. मग क्लॅरीच्या बापाने फाटकाला दोर बांधला आणि स्वतः धरून उभा राहिला. वर बसलेल्याने मान हलवली की ओढायचा, तोवर नाही. घोडीने त्या दिवशी अख्खं गाव मातीत लोळवलं. लोकांना इतकी मजा आली की पुढच्या वर्षी ते न बोलावता जमले.

पुढे पत्र्याचं छप्पर आलं, लाउडस्पीकर आला, दुसरा खोडा आला. पहिल्या फाटकाचा दोर मात्र बापाकडून क्लॅरीकडे आला. क्लॅरी स्वतः जन्मात एकदाच असल्या घोड्यावर बसला होता. टाळ्या सुरू व्हायच्या आत तो जमिनीवर! कपडे झटकत म्हणाला, "आपलं काम खालीच बरं." वर्षभर तो लोकांची कुंपणं दुरुस्त करायचा आणि रोडिओच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकावर हजर व्हायचा. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही बरं का. दोर आधी ओढला तर स्वार नीट बसलेला नसतो. उशीर झाला तर घोडा खोड्यातच मागच्या पायांवर उठतो आणि माणसाला फळ्यांवर चिरडतो. क्लॅरीच्या हातून असं कधी घडलं नव्हतं. आयुष्यात मिजास केली ती त्याने एवढ्या एकाच गोष्टीची.

आणि नेमके डोळेच दगा द्यायला लागले. बघावं तिथे मधोमध धुरकट डाग. त्याने कुणाला सांगितलं नाही. ट्रक बिघडलाय म्हणाला आणि त्याची चावी कायमची खिळ्याला टांगली. दोर सोडायचं मनात यायचं, पण नात जोसी आता घोड्यावर बसायला लागली होती. एकदा, फक्त एकदा, तिच्यासाठी फाटक उघडायचं आणि मग घरी बसायचं, असं त्याने ठरवलं होतं.

नशीब म्हणजे पोरांनी मान हलवायचं सोडून ओरडायलाच सुरुवात केली. "उघड!" असं बोंबलायचे, आणि क्लॅरी ओढायचा. मनातून हायसं वाटायचं, तोंडाने मात्र कुरकुर चालू.

"मान हलवायला यांच्या मानेत काय लचक भरलीय?" तो नोरीनला म्हणायचा.

नोरीन म्हणजे चहाच्या तंबूतली, क्लॅरीची जुनी शेजारीण. जीभ कात्रीसारखी. ती म्हणायची, "कान शाबूत आहेत ना तुझे? मग उघड गुमान."

अखेर जोसी ज्यात उतरणार होती तो रोडिओ आला. पण तिच्या आधी कर्टिस नावाचा एक परगावचा पोरगा होता. तो खोड्यात उतरला, मांड ठोकली आणि मान हलवली. क्लॅरी आवाजाची वाट बघत उभा. पोराने पुन्हा मान हलवली. घोडा खवळला, मागच्या पायांवर उठला आणि कर्टिसचा पाय फळीवर घासला गेला.

"क्लॅरी! अरे ओढ!" तंबूतून नोरीन किंचाळली.

त्याने ओढला. घोडा उधळला, पोरगा पडला. लंगडत उठला तो थेट क्लॅरीच्या अंगावरच आला. "आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या? दोनदा मान हलवली!"

जोसी कठड्यावरून उडी मारून मध्ये आली. "तुला कुणी सांगितलं नाही? इथे ओरडायचं असतं."

"फक्त इथेच? त्या दुसऱ्या फाटकावर तर तुमची झाडून सगळी माणसं मान हलवतात!"

झालं. क्लॅरीने डोक्यावरची टोपी काढली.

"जोसी, कधीपासून चाललंय हे?"

"पॉप, जाऊ दे ना," जोसी आजोबाला म्हणाली.

"विचारलं ते सांग."

"तू चावी खिळ्याला टांगलीस तेव्हापासून."

"ही अक्कल कुणाची?"

"माझी," नोरीन तंबूतून येत म्हणाली. "मग काय करणार होतो? तुझ्या हातातला दोर मागायची छाती आहे का या गावात कुणाची? म्हणून ओरडलो सगळे."

क्लॅरीचा चेहरा लालभडक झाला. राग आला, लाजही वाटली. तो कर्टिसकडे वळला. "चूक माझी, पोरा. तुझा पाय गेला असता." मग त्याने दोर नोरीनच्या हातात दिला. "धर. तुला दिसतं."

"पॉप," जोसी हळूच म्हणाली, "माझं एवढं एक उघड ना. मी ओरडेन की."

किती वाट बघितली होती त्याने या एका क्षणाची! पण तो म्हणाला, "नाही. तुझा घोडा खवळला आणि तुला ओरडायला दम उरला नाही तर? दिसणाऱ्याच्या हातूनच उघडेल तुझं फाटक." आणि चाचपडत जाऊन बाकावर बसला.

जोसी खोड्यात उतरली. नोरीन डोळ्यांत तेल घालून बघत होती, पोरीने नुसती हनुवटी हलवली असती तरी पुरलं असतं. बाकावर क्लॅरी मान ताठ करून समोरच्या धुरकट डागाकडे बघत होता.

"उघड, पॉप!" जोसीने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली.

क्लॅरीचा रिकामा हात आपोआप मागे ओढला गेला. फाटक करकरलं, टापा घुमल्या, लोक ओरडायला लागले. त्याने सगळं ऐकलं, वेळ संपल्याच्या भोंग्यापर्यंत. पोरगी टिकली होती.

आता क्लॅरी नाही. दोर तिसऱ्याच कुणाच्या हातात आहे आणि त्याची नजर चांगली घारीसारखी आहे. तरी पहिल्या फाटकावरचा प्रत्येक स्वार अजून "उघड, पॉप!" असंच ओरडतो. परगावचे विचारतात, हा पॉप कोण? आम्ही सांगतो, आधी ओरड, मग सांगतो.