थोडं उजळ कर गं!

किस्से जमवावे लागत नाहीत, ते साचतात. आमच्या ऑफिसच्या पोटमाळ्यावर न खपलेले अंक साचतात तसे. एकाला हात लावला की दहा धप्पकन अंगावर येतात, आणि प्रत्येकावर एक गोरीपान बाई आपल्याकडे बघून हसत असते! त्या सगळ्या बायका मी गोऱ्या केल्यात. म्हणून हे सांगायचा हक्क पहिला माझा.

मासिकाचं नाव सांगत नाही. मालक हयात आहेत, आणि ते स्वतःच वकील होते. यवतमाळातून निघणारं बायकांचं फॅशन मासिक, एवढं पुरे. हसू नका, निघतं! संपादक म्हणजे मॅडम, रिटायर्ड प्राध्यापिका. मालक म्हणजे त्यांचे मिस्टर, नानासाहेब. फोटो काढतात गजूभाऊ, त्यांचा मूळ धंदा लग्नाचे अल्बम. आणि कॉम्प्युटरवर मी, बोरी अरबजवळच्या तांड्यावरची, इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेली पोट्टी. 'सोडलेली' हा शब्द माझा. मॅडम पाहुण्यांना 'बिचारीचं राहिलं' असं सांगतात.

* * *

इंटरव्ह्यूला मॅडमनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस?"

"शिकवत नव्हते म्हणून."

तीस वर्षं कॉलेजात शिकवलेल्या बाईला हे सांगायचं नसतं, हे मला नंतर कळलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि मुद्द्यावर आल्या. "चेहरा उजळ करता येतो?"

"किती उजळ?"

"आपल्याला शोभेल इतपत."

'आपल्याला' म्हणजे कुणाला, हे विचारायचं राहिलं. कामाला लागले. महिनाभरात लक्षात आलं की प्रत्येक फोटोला तेच ते करायचंय, तर कॉम्प्युटरवर एक बटणच बनवून टाकलं. दाबलं की रंग चार पायऱ्या वर, डाग गायब, सुरकुत्या गायब, नाक जरा बारीक. बटणाला नाव दिलं 'लग्न'.

गजूभाऊ खूश झाले. "नाव बराबर हाय! आमच्याकडं नवरीची माय हेच म्हणते, पोरगी हाय तशी नको दाखवू."

* * *

त्याच आठवड्यात मी माझ्या याडीचा फोटो त्या बटणातून काढला. याडी म्हणजे आई, आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. वाटलं, खूश होईल. रविवारी तांड्यावर गेले आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

तिनं बराच वेळ पाहिलं. "ये कुण छ?" कोण आहे ही?

"तूच!"

याडीचा चेहरा उतरला. "मी मेली का वं? मेलेल्या माणसाच्या फोटोले असं करतेत, हार घालाच्या आधी."

मी फोटो पुसला. तर म्हणते, "तुह्या पुस्तकावर एक खेप माहा फोटो छापजो. पर मीच दिसली पाह्यजे. हे गोंदण, हे रंग, सारं."

मी हसत हसत हो म्हणून बसले. याडी हसत नव्हती. त्यानंतर दर रविवारी मी नवा अंक घेऊन जायची आणि ती कव्हर पाहून एकच विचारायची, "आली का मी?"

नव्हती येत. येणार कशी? मॅडमच्या मासिकात पन्नाशीच्या बायका फक्त गुडघेदुखीच्या पानावर येतात.

* * *

कव्हरचं मॅडमचं एक शास्त्र आहे. नाव वर, लाल. चेहरा मोठा. बाईनं थेट वाचकाच्या डोळ्यांत बघायचं, म्हणजे स्टॉलसमोरून जाणारीला वाटतं आपल्याला कुणीतरी हाक मारली. डाव्या बाजूला मथळे आणि प्रत्येक मथळ्यात आकडा. तोही विषम. सम आकडा म्हणे खोटा वाटतो!

एकदा कव्हरवर होतं, 'चेहऱ्यावर तेज आणणारे सात उपाय'. पानं लावताना मी मोजले, तर पाच.

"मॅडम, दोन कमी आहेत."

"मग पाच कर... नको, सातच राहू दे. सात दिसायला भरीव दिसतो."

"आणि उरलेले दोन?"

"वाचक सुज्ञ असतात गं!"

एवढं शास्त्र करून अंक का खपत नाही, हे पाहायला मॅडम स्वतः बसस्टँडवर गेल्या. मला सोबत नेलं, पिशवी धरायला. स्टॉलवाल्यानं आमचा अंक दोरीला लावला होता खरा, पण त्याच्यावर पोलीस भरतीचं गाईड. त्याच्या आडून आमच्या कव्हरवालीचा फक्त एक डोळा बाहेर. शास्त्राप्रमाणे तो डोळा थेट वाचकाकडे बघत होता!

मॅडम कडाडल्या, "अहो, आमचा अंक मागं का?"

"मॅडम, भरतीवाले पोट्टे दिवसभर गाईड ओढू ओढू पाह्यतात. खाली तुमचा चिकना कागद असला का घासत नाई. लय कामाचं पुस्तक हाय तुमचं!"

मॅडमनी अंकाचा कागद बोटांनी चोळून पाहिला. पुढच्या महिन्यात कागद आणखी चिकना केला.

* * *

केळापूरच्या एका ताईंचं पत्र आलं होतं. त्यांनी आमच्या कव्हरवरची साडी, निऱ्या मोजून, पदर मोजून, तश्शीच नेसली आणि नणंदेच्या लग्नाला गेल्या. अक्षता पडायच्या आत पदर सुटला, मंगलाष्टकं संपेपर्यंत निऱ्या सुटल्या. पत्रात शेवटी साधा प्रश्न होता, 'तुमच्या फोटोतल्या ताईंची साडी मागून कशी आहे, ते कृपया छापावे.'

मागून कशी होती ते मला माहीत होतं. चिमटेच मी लावले होते! कपडे वाळत घालायचे चौदा प्लॅस्टिकचे चिमटे, आणि खाली गजूभाऊंच्या कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळलेला. मागून ती बाई गच्चीवरच्या दोरीसारखी दिसत होती.

मी म्हटलं, "मॅडम, छापू ना मागचा फोटो! लोक हसतील, पण अंक उचलतील."

मॅडमनी सल्ल्याच्या पानावर उत्तर दिलं, 'ताई, आत्मविश्वास हाच स्त्रीचा खरा आधार.'

आत्मविश्वासाला चौदा चिमटे लागतात, हे मात्र छापलं नाही.

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण ऑफिसात सगळे हसले होते, म्हणून सांगते.

आम्ही वाचकांची सौंदर्यस्पर्धा घेतली. पहिली आली राजूरची एक मुलगी, शाळेत शिकवणारी. सावळी, तरतरीत, डोळे असे की फोटोतून बोलतील. मॅडम म्हणाल्या, "गोड आहे. थोडं उजळ कर गं!" दाबलं 'लग्न'.

तो अंक पाहून वणीकडच्या एका घरानं स्थळ आणलं. मंडळी अंक हातात धरून आली. पोरीनं स्वतः पोहे आणून दिले, समोर बसली. मुलाच्या बापानं पोहे खाल्ले, अंक उघडला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलीले बोलवा ना आता."

तिचा भाऊ ऑफिसात येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मी मान खाली घालून ऐकलं, कारण बटण माझं होतं. मॅडमनी मात्र त्याला पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या अंकात बरोबरच आहे हो. राजूरला कोळशाच्या खाणी ना? तिथं राहून काळवंडली असेल नंतर!"

अंक येऊन तेव्हा बारा दिवस झाले होते.

* * *

नानासाहेबांचं सांगायचं राहिलं. बायकांच्या मासिकात तिसऱ्या पानावर दर महिन्याला एका पुरुषाचा फोटो असतो. खाली लिहिलेलं असतं 'प्रेरणास्थान'. ते हे.

फोटो त्यांच्या चाळिशीतला. तरी दर अंकाला मागं येऊन उभे राहतात. "केस जरा काळे कर. अजून. कानाजवळ पण."

एकदा मी विचारलं, "नानासाहेब, केस काळे चालतात, तर कव्हरवरची बाई काळी का चालत नाही?"

ते वकील, त्यांना उत्तर येतंच. "केस काळे असणं हे तारुण्य आहे. बाई काळी असणं हा... हा विषय वेगळा आहे."

प्रूफ तपासतानाही ते फक्त तिसरं पान पाहतात. कव्हरवर उद्या म्हैस छापली तरी चालेल, केस काळे पाहिजेत. आणि मॅडम पाहतात फक्त चेहरा उजळ झाला का. चेहरा कुणाचा, हे दोघंही पाहत नाहीत. हे मी चौदा महिने नीट लक्षात ठेवलं.

* * *

मग मॅडमना परंपरा आठवली. मोठ्या शहरांतल्या मासिकांत आरशांची भरतकामं झळकली, की आमच्याकडं सहा महिन्यांनी परंपरा आठवते.

"अगं, तुमच्यात ते आरशाचे कपडे असतात ना? कव्हरला घेऊ! घरी आहेत का चांगले?"

याडीकडं होते. फेटिया म्हणजे तो घेरदार घागरा, वर काचळी म्हणजे पाठीवर नाड्यांनी बांधायची चोळी, वर आरशांची ओढणी. टाका न् टाका तिच्या हातचा. मावशीच्या लेकीच्या लग्नात घालायचे म्हणून पेटीत जपलेले.

"कोण घालणार?" मी विचारलं.

"आमच्या सूनबाई! पुण्याहून येतायत."

याडीला सांगितलं. तिनं पेटी उघडून कपड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "नेजो. पर मी येतो संगं. काचळी पाठीमागं बांधा लागते, त्याहिले जमन नाई. अन् लग्नाच्या आधी वापस पाह्यजे."

गजूभाऊंच्या स्टुडिओत सूनबाईंनी कपड्यांचा तो ढीग पाहिला आणि घाबरल्याच. कुठली नाडी कुठं, कळेना. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच एकदा घालून दाखवा हिला."

याडीनं घातले. ओढणी डोक्यावर घेतली, चांदीच्या घुगऱ्या, केसांत गुंफायचे ते झुबके, कानाजवळ सोडल्या आणि उभी राहिली. गजूभाऊ एरवी लाइट तपासायला मलाच उभं करतात. तेव्हा म्हणाले, "मावशी, तशाच राहा, लाइट पाहू द्या." खटॅक. एकच फोटो. याडी थेट कॅमेऱ्यात बघत होती, मॅडमच्या शास्त्राप्रमाणे. हसत नव्हती.

मग सूनबाईंचे साठ फोटो झाले. प्रत्येकात त्या कुठंतरी खाजवतायत.

जाता जाता त्या माझ्या कानाशी लागल्या. "प्लीज, माझा फोटो टाकू नकोस गं. ऑफिसात वर्षभर चिडवतील मला. आईंना सांगायची माझी हिंमत नाही."

"माझी आहे थोडी," मी म्हटलं. पण माझीही नव्हती. सांगितलं नाहीच.

कव्हरवर याडीचा फोटो लावला. त्यावर 'लग्न' दाबलं. गोंदण गेलं, सुरकुत्या गेल्या, रंग चार पायऱ्या वर, नाक बारीक. माझ्याच हातानं माझी आई पुसली आणि प्रूफ मॅडमसमोर ठेवलं.

मॅडमनी चष्मा पुसला.

"अगं बाई, काय गोड आल्यात सूनबाई! ह्यांना दाखव."

नानासाहेबांनी तिसरं पान उघडलं. "कानाजवळ अजून जरा काळे कर." सही केली.

मी जागेवर आले, कानाजवळ काळं केलं आणि कव्हरवरचं 'लग्न' काढून टाकलं. फाईल प्रेसला गेली.

* * *

अंक आला. मॅडम दोन मिनिटं कव्हरकडं बघत राहिल्या.

"शाई जास्त पडली का गं?"

"हो मॅडम. शाई."

त्या पुढं काही बोलणार, तेवढ्यात फोन सुरू झाले. दारव्ह्याच्या गाडीतून उतरलेल्या बायका बसस्टँडवर स्टॉलसमोर थांबून अंक मागत होत्या. स्टॉलवाल्यानं पहिल्यांदा गाईड मागं टाकलं आणि आम्हाला पुढं! कुणी म्हणे, किती धाडसी कव्हर. कुणी म्हणे, किती खरं. सूनबाईंचा मला मेसेज आला, एकच शब्द: 'सुटले!' मॅडमना कळलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. इतकं कौतुक चालू असताना कळून घेतंय कोण?

नानासाहेबांनी ते कव्हर दरवाजाएवढं मोठं करून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं. खाली बारीक अक्षरात: 'संकल्पना: नानासाहेब'.

फोटोनंतर मॅडमनी ठेवून घेतलेले कपडे मात्र परत आले नाहीत. मी तीनदा मागितले. "प्रदर्शनात ठेवू गं," मॅडम म्हणायच्या. लग्न चार दिवसांवर आलं आणि त्या मंगळवारी याडी स्वतः ऑफिसात येऊन उभी राहिली. डोक्यावर साधी ओढणी, कपाळावर गोंदण, हातात रिकामी पिशवी. आत आली आणि थबकली. समोर भिंतीवर ती स्वतः होती, दरवाजाएवढी.

खाली नानासाहेब पेपर वाचत होते. "कोण पाहिजे बाई तुम्हाला?"

"कोणी नाई," याडीनं भिंतीकडं बोट केलं. "हिच्या अंगावरचे कपडे पाह्यजे. माहे हायत."

"अहो, ते आमच्या सूनबाईंचे आहेत! तो फोटोही त्यांचाच."

याडीनं माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे चालत गेली, भिंतीवरच्या बाईला खेटून उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि थेट नानासाहेबांच्या डोळ्यांत बघितलं.

"आता पाहा."

नानासाहेबांनी चष्मा चढवला. वर पाहिलं, खाली पाहिलं. परत वर, परत खाली. आणि एकदम लगबगीनं उठून, हात जोडून, आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले,

"अगं ऐकलंस का? चहा टाक! सूनबाईंच्या माहेरचं कुणीतरी आलंय!"