चार नंबरच्या खोलीतली खुर्ची

एर्मेलिंदाला पसंत पडेल अशी बाई अख्ख्या पोर्तू शहरात जन्मलेली नाही, असं सेन्योर ओतिलियु हल्ली उघड उघड म्हणायला लागले होते. त्यांचं हॉटेल नऊ खोल्यांचं, नदीकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या गल्लीतलं. या नऊही खोल्या एकतीस वर्षं एर्मेलिंदाने एकटीने सांभाळल्या होत्या. आता गुडघे साथ देईनात. जिने चढायचे तीन, आणि लिफ्ट बसवायला घरात जागाच नाही. तिचा नवरा आर्मिंदू ट्राम चालवून कधीच निवृत्त झाला होता, आणि मुलीजवळ आवेइरूला राहायला जायचं म्हणून गेलं वर्षभर भांडी बांधून बसला होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की खोल्या कुणाच्या हाती द्यायच्या.

आतापर्यंत दोघी येऊन गेल्या. पहिली उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे ठेवायची. दुसरी जिन्यात गुणगुणायची. दोघींना एर्मेलिंदाने महिन्याच्या आत घरचा रस्ता दाखवला, आणि वर आर्मिंदूला सांगितलं की मी काय मुद्दाम करते का.

तिसरी आली ती नेलिया. चाळिशीची, ब्रागान्साकडच्या खेड्यातली, कमी बोलणारी. आधी एका वृद्धाश्रमात कामाला होती, तो बंद पडला. ही नोकरी सुटली तर तिला परत खेड्यात भावजयीच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण गल्लीला सगळं ठाऊक असतं. तिचा महिना सोमवारी भरत होता, आणि एर्मेलिंदाने मनातल्या मनात नकार देऊन टाकलेला होता. फक्त कारण सापडायचं बाकी होतं.

सेन्योर ओतिलियुंनी या खेपेला डोकं चालवलं. ते म्हणाले, दोन रात्री चार नंबरच्या खोलीत पाहुणी म्हणून राहा. नवऱ्यालाही आणा. कामाला हात लावायचा नाही, नुसतं राहायचं. सोमवारी अकरा वाजता मला एकच शब्द सांगा, ती राहते की जाते. तुमचा शब्द शेवटचा.

तर शनिवारी दुपारी एर्मेलिंदा चर्चला जायचा कोट घालून, हातात छोटी बॅग घेऊन, ज्या दारातून एकतीस वर्षांत एकदाही आत शिरली नव्हती त्या पुढच्या दाराने आत आली. आर्मिंदू मागून राजासारखा. खोलीत पाऊल टाकताच त्याने बूट काढले, पलंगावर आडवा झाला आणि जाहीर केलं की आपण आता सोमवारपर्यंत उठत नाही.

एर्मेलिंदाचं लक्ष मात्र खुर्चीवर गेलं. चार नंबरमधली हिरव्या मखमलीची खुर्ची ती नेहमी मोठ्या खिडकीसमोर ठेवत असे. पाहुणा बसला की समोर नदी, ही तिची स्वतःची कल्पना. धूळ पुसताना ती स्वतः रोज ती नदी बघायची, आणि पाहुण्यांचा तिला थोडा हेवाही वाटायचा. ती खुर्ची आता कोपऱ्याकडे तोंड करून ठेवलेली होती, बाजूच्या बुटक्या खिडकीसमोर, जिथून शेजाऱ्यांची कौलं आणि वाळत घातलेले कपडे याखेरीज काही दिसत नाही. तिने कोट न काढताच खुर्ची ओढली आणि जागच्या जागी नेली.

"सापडलं वाटतं," आर्मिंदू डोळे न उघडता म्हणाला.

"तू झोप."

रविवारी सकाळी सवयीने तिला सहालाच जाग आली. आर्मिंदूला हलवून उठवलं, चादरी झटकल्या, कोपरे दुमडले, बेसिन पुसून कोरडं केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण हे करायचं नव्हतं. आता परत विस्कटायचं म्हणजे लाजच. तसंच ठेवून दोघं खाली न्याहारीला गेली. आर्मिंदूने मक्याचा पाव, चीज आणि क्विन्स नावाच्या आंबट फळाच्या मुरंब्याचा फडशा पाडला. ती कप नुसता इकडून तिकडे सरकवत राहिली, कारण दुसऱ्या कुणी ओतलेली कॉफी आयती बसून प्यायची तिला सवय नव्हती.

वर येऊन बघते तर पलंग तोच, पण चादरी नव्या. जिन्यात नेलिया भेटली. एर्मेलिंदाने विचारलं, आवरलेल्या पलंगाला हात का लावलास?

"पाहुण्याने आवरला तरी मला काढून बघावाच लागतो, दोना एर्मेलिंदा," नेलिया म्हणाली. "तुम्ही आवरलात म्हणजे एका पलंगाला दोघी राबलो. उद्या नका आवरू."

हे तिने अगदी सरळपणे सांगितलं आणि ती जिना उतरून गेली. एर्मेलिंदा खोलीत परतली तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, खुर्ची पुन्हा बुटक्या खिडकीकडे वळलेली. तिने ती पुन्हा ओढून आणली. गालिच्यावर आता घसरण्याचा रस्ता तयार व्हायला लागला होता.

त्या दिवशी नेलिया कानाकोपरा झाडते की नाही हे बघायला तिने कंबर कसली. केसातली एक पिन पलंगाच्या मागच्या पायाशी टाकली. एक काडेपेटीची काडी कपाटाच्या डोक्यावर ठेवली, आणि कोटाचं एक जादा बटण पडद्याच्या घडीत. आर्मिंदू म्हणाला, बाई गं, उद्या हा पाहुणचार संपला की तुझ्या वस्तू शोधायला मला रांगायला लावशील. पण त्याने कपाटाशी खुर्ची धरून ठेवली, कारण ती खुर्चीवर चढली होती आणि गुडघ्यांचा भरवसा नव्हता.

सोमवारी तिने मनावर दगड ठेवून पलंग तसाच विस्कटलेला सोडला. न्याहारी अर्धी झाली आणि आठवलं की चष्मा वरच राहिला. जिने चढून, धापा टाकत ती दाराशी पोचली. दार अर्धं उघडं होतं. पलंग घातलेला होता, खोली आवरलेली होती, आणि नेलिया हिरव्या खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, पाठ टेकलेली, नजर बुटक्या खिडकीबाहेर. पाहुण्यांच्या खुर्चीत. कामाच्या वेळेत.

एर्मेलिंदा आवाज न करता माघारी फिरली. चष्म्यावाचूनच खाली आली आणि आर्मिंदूच्या कानाशी लागून म्हणाली की मिळालं. एकतीस वर्षांत आपण त्या खुर्चीला पुसण्यापुरताच हात लावला, वर चढलो ते कालच, कपाटासाठी. आणि ही बया खुशाल टेकून बसते. आर्मिंदूने पाव चावता चावता विचारलं, मग पिनेचं काय झालं?

अकरा वाजायला पंधरा मिनिटं असताना ती बॅग भरायला वर गेली. टेबलावर बशी होती. बशीत पिन, काडी आणि बटण, ओळीने. बाजूला चष्मा, काचा पुसलेल्या. तिने नळाची मागची बाजू चाचपली, कोरडी ठाक. मान्य करायला तिला जड गेलं, पण खोली तिने स्वतः केली असती तशीच होती. फक्त खुर्ची सोडून. एर्मेलिंदाने तिसऱ्यांदा ती मोठ्या खिडकीसमोर ओढली. मग बूट बदलायचे म्हणून बसायला जागा शोधली. पलंगावर आर्मिंदू हातपाय पसरून घोरत होता. गुडघे ठणकत होते. दुसरं काही नव्हतं म्हणून ती खुर्चीत टेकली.

समोर दगडी कठडा होता.

तिला वाटलं आपण नीट बसलो नाही. ती सरसावून बसली, मान उंचावली. कठडा, त्याच्या वर आभाळ, आभाळात एक समुद्रपक्षी. नदी नव्हती. ती उठून उभी राहिली, तर नदी होती, होड्यांसकट. बसली, की गेली. असं तिने तीनचारदा केलं. एकतीस वर्षांतले किती पाहुणे इथे बसून दगड बघत असतील, आणि सभ्यपणाने काही बोलले नसतील, या विचाराने तिचे कान तापले. मग तिने खुर्ची परत बुटक्या खिडकीसमोर ओढली आणि बसून बघितलं. उभ्याने जिथून शेजाऱ्यांची कौलं दिसायची, तिथून बसल्यावर वाळत घातलेल्या चादरीखालून, लिंबाच्या झाडापलीकडे, दोन भिंतींच्या मधून खाली नदी दिसत होती आणि पुलाचा अर्धा भागही.

नेलिया धुवायचे टॉवेल न्यायला दारात आली आणि तिला खुर्चीत बघून थबकली.

"प्रत्येक खोलीत बसतेस?" एर्मेलिंदाने विचारलं.

"हो." नेलियाने टॉवेल छातीशी धरले. "आश्रमात म्हातारी माणसं दिवसभर बसूनच असायची. त्यांना काय दिसतं ते आपल्याला उभ्याने कसं कळणार? म्हणून बसून बघायची सवय लागली. चुकलं असेल तर सांगा."

एर्मेलिंदा खुर्चीतून उठली. जिना उतरून ती सेन्योर ओतिलियुंच्या कचेरीत गेली. अकरा वाजून गेले होते.

"कामाच्या वेळेत बसते ती," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या खुर्चीत."

सेन्योर ओतिलियुंचा चेहरा उतरला. तिसरीही गेली म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ठेवून घ्या तिला. आणि बाकीच्या खोल्यांतल्या खुर्च्या ती म्हणेल तशा फिरवू द्या. माझ्या सगळ्या चुकल्यात." ती दाराशी गेली आणि परत वळली. "खोली बारापर्यंत आमचीच ना?"

तुमचीच, असं ते म्हणाले.

वर आर्मिंदू जागा होऊन बूट शोधत होता. बायको बॅग न भरता बुटक्या खिडकीसमोर बसलेली बघून त्याला काळजी वाटली. त्याने विचारलं, काय बघतेस?

"नदी."

"एकतीस वर्षं बघतेयस की."

"उभ्याने रे," ती म्हणाली, आणि पाठ टेकली.