रूबेनचा ठेका

शिमोनचा फोन आला तेव्हा मी खोबरं खवत होते. "दोदा, मावशी, रूबेन गेला," एवढंच तो हिब्रूत बोलला आणि रडायला लागला. रूबेन माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर गेली, म्हणून इथे इस्राएलात, अश्केलोनला माझ्याकडेच वाढला. तापाचं निमित्त झालं नि... असो.

नव्वदीच्या सालांत या दोघांनी हेवी मेटलचा बँड काढला. शिमोन त्याचा जिवलग दोस्त, नेतिवोत गावाहून बसने यायचा. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात, बॉम्ब पडले तर लपायच्या शेल्टरमध्ये प्रॅक्टिस. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणी पत्रे ओढतंय! पण मटार सोलत मी तिथेच बसायला लागले आणि हळूहळू कान तयार झाला. शिमोनची बोटं तारांवर पालीसारखी सरसर चढायची, गिटार किंकाळी फोडायची, मुली टाळ्या पिटायच्या. आमचा रूबेन मान खाली घालून, तळहाताने तारा दाबून एकच जड ठेका धरून असायचा. घड, घड, घड... कधी पुढे धावला नाही, कधी सुटला नाही.

"मावशी, खरं सांग, कोण चांगला वाजवतो?" एकदा त्याने विचारलंच.

"तो फोडणी, तू वरण," मी म्हटलं. "चर्र आवाज फोडणीचा, पण पोट भरतं वरणानेच."

इतका हसला! शिमोन तर आपल्या हिब्रू उच्चारात त्याला तेव्हापासून "वारान" म्हणूनच हाक मारायचा.

शोकाच्या आठवड्यात भेटायला आलेले म्हणत, पोरगा गुणी, पण त्या दुसऱ्याच्या मागेच राहिला. मागे? अहो, खाली होता तो, घराच्या पायासारखा! बिल्डिंगचा कारभार बघणारे सायमनभाई तर म्हणाले, "फ्लोराबाई, महिना झाला की रूबेनचा तो गिटारच्या स्पीकरचा खोका शेल्टरमधून हलवा. कचरा नुसता."

"कचरा तुमच्या बाल्कनीत आहे, सायमनभाई."

"मग मीच भंगारवाल्याला बोलावतो."

"बोलवा की. मी खोक्यावर बसून राहीन. मला पण भंगारात घाला."

महिनाभर घरात संगीत वर्ज्य. तिसाव्याची प्रार्थना झाली, मलिद्याचं ताट फिरलं, आणि सगळ्यांना घेऊन मी खाली उतरले. शिमोनने आपली गिटार रूबेनच्या खोक्याला जोडली. मला वाटलं, आता किंकाळी. पण नाही... तळहाताने तारा दाबून त्याने रूबेनचा ठेका धरला. तेवढाच, अख्खं गाणंभर.

"यात गाणं कुठे आहे?" सायमनभाई कुरकुरले.

"हेच गाणं," शिमोन म्हणाला. "मी याच्यावर उभा राहून नाचायचो."

भंगारवाला काही आला नाही. शेल्टर झाडायला उतरले की मी आधी खोक्याचं बटण दाबते. लाल दिवा लागतो, खोका घुमायला लागतो. "फ्लोराबाई, बंद करा ते!" जिन्यावरून हाक येते. मी झाडूचा दांडा त्याच्यावर ठोकते. घड, घड, घड.