सगुणा सिस्टर ड्रायव्हरशेजारी बसल्या, त्याचं खरं कारण

आज सकाळी सगुणा सिस्टर गेल्या. मातीला माणसं इतकी कमी, की पेटीला खांदा द्यायला रस्त्यावरून दोघांना बोलवावं लागलं.

त्या शंभरीला टेकल्या होत्या. मीही नव्वदीच्या वाटेवर.
फोनवर बोलून लिहितेय. चुका सापडल्या तर फोनला रागवा, मला नको.

माझे वडील, अण्णा, नगरला सर्व्हिस मोटारीवर, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी बसवर, ड्रायव्हर होते. नगर-जामखेड-खर्डा.
महायुद्ध चालू, पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली, तिच्या गॅसवर मोटार कशीबशी चालायची. चढ आला की पॅसेंजर खाली!

पण अण्णांचा रुबाब काय सांगू. गावोगावी चहा फुकट, पान फुकट.

एका दुपारी चालत्या मोटारीतच त्यांना फिट आली. मोटार रस्ता सोडून ज्वारीत शिरली, म्हणून माणसं वाचली.
कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. "ऊन लागलं" असं सर्वानुमते ठरलं, आणि बेशुद्ध अण्णांना मिशनच्या दवाखान्यात आणलं.

सगुणा सिस्टर तिथं नुकत्याच लागलेल्या नर्स.
डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी अण्णांना व्हरांड्यात बसवलं आणि आईसमोर स्वच्छ सांगितलं,

"दादा, ही फिट आहे. परत येऊ शकते. आता मोटार चालवायची नाही."

"सुट्टी दिली न्हवं मला? मंजी मी बरा हाय."

"घरी जाण्याइतके बरे आहात. स्टिअरिंगवर बसण्याइतके नाही."

"मग खायचं काय, बाई?"

"ते मला नाही सांगता येणार, दादा."

अण्णांनी हात जोडले. "येक करा. फेपरं हाय असं कुनाला बोलू नका. तीन पोरी हायत मला."

सिस्टरांनी शब्द दिला. फेपऱ्याच्या घरातली मुलगी तेव्हा कोण करून घेणार होतं?

थोडे दिवस गेले. अण्णांनी मोटारीपुढे नारळ फोडला. आईने स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची बांधली.
नारळ फुटला म्हणजे संकट टळलं, असं अख्ख्या स्टँडला वाटायचं. आईलाही वाटलं. इतकं वाटलं, की मला घेऊन ती त्याच मोटारीत बसली, खर्ड्याला आत्याकडे जायला.

ही बातमी सिस्टरांच्या कानावर कुणी घातली कोण जाणे. त्या ड्युटी सोडून आल्या. तिकीट काढलं आणि सरळ ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

ती सीट मामलेदाराची, नाहीतर एखाद्या बड्या शेटजीची. बाईमाणूस तिथं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

अण्णा हळूच म्हणाले, "बाई, उतरा खाली."

"तुम्ही उतरा, मग मी उतरते. तुम्ही जाणार असाल तर मी पण येणार."

बस्स, एवढंच. भरलेली मोटार कान देऊन ऐकत होती, पण सिस्टरांनी फिटचं नाव काढलं नाही.

अण्णांनी मागे वळून बघितलं. मी आईला चिकटून बसले होते.
ते उतरले. पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पुढे जन्मभर त्याच स्टँडवर पंक्चर काढली.

स्टँडला मात्र आयता विषय मिळाला. तरणी नर्स, ड्रायव्हरशेजारची सीट, ती म्हणते उतर आणि हा मुकाट उतरतो. काय ते समजून घ्या!

एका वाक्यात सिस्टरांना सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. त्या बोलल्या नाहीत.

त्यांचं लग्न झालं नाही. याच्यामुळेच की काय, ते मला ठाऊक नाही.
ड्युटी, चर्च आणि एक खोली. सणाला आई मला डबा देऊन पाठवायची, तेही मागच्या गल्लीने. खोलीत एक ताट, एक वाटी, एक खुर्ची. मी गेले की खुर्ची मला द्यायच्या आणि स्वतः ट्रंकेवर बसायच्या.
मला जाऊ द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. "अजून थोडं बस ना," म्हणायच्या.

धाकटीचं लग्न उरकलं आणि अण्णा मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"शेवटची पोरगी उजवली, बाई. आता खुशाल सांगा समद्यांना."

सिस्टर हसल्या. "आता कुणाला सांगू, दादा? माझ्याकडे विचारायला येतं कोण?"



आता अण्णा नाहीत, आई नाही, दोघी बहिणी नाहीत. हे ठाऊक असलेली मी एकटी उरले.

आज कबरीपाशी एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "ह्याच का वो त्या, डायवरवाल्या?"

सगळा जन्म रुग्णांच्या उशाशी काढलेली बाई, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते हे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याला तिथंच सांगितलं, आता तुम्हा सगळ्यांना सांगते.
माझ्या वडिलांना फिट यायची. सिस्टरांनी त्यांना मोटार चालवू दिली नाही. त्या दोघांमध्ये एवढंच होतं. त्या दिवशी मोटारीत मी होते, आणि मी अजून जिवंत आहे.

सिस्टर, सांगून टाकलं मी. आता निवांत विसावा घ्या.