कपाटामागचे धडे

बायको गेल्यानंतरही तिचा फोन मी रोज चार्जिंगला लावत होतो. उघडता येत नव्हता, तरी लावत होतो. जुना फोन, बोटाच्या ठशाची सोय नसलेला. नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून एक आकृती काढली की तो उघडायचा. ती आकृती मला माहीत नव्हती. सत्तावीस वर्षांच्या संसारात तसा प्रसंग कधी आला नव्हता.

मला तिचा आवाज हवा होता. घरात फोटो पुष्कळ होते, आवाज कुठेच नव्हता. एका घरात राहणारी माणसं एकमेकांसाठी बोलणं साठवून ठेवत नाहीत. माझ्या फोनवर तिचे निरोप होते, पण तेही लिहिलेले: दूध आणा, गाडी चुकली, उशीर होईल.

गाडी म्हणजे पेठची एसटी. पेठ तालुक्यातल्या एका वस्तीवर दोनशिक्षकी शाळा आहे, तिथे ती शिकवायची. रोज नाशिकहून जाऊन येऊन. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, आता निवृत्त झालो आहे. संध्याकाळी ती यायची, चहा घ्यायची आणि कानात वायरी घालून भाजी निवडायला बसायची. समोर मी पुस्तक घेऊन. मधूनच ती स्वतःशी ‘हं’ म्हणायची, कधी हसायची, शेजारच्या वहीत काहीतरी टिपायची. एकदा मी म्हणालो होतो, दिवसभर पोरं आणि संध्याकाळी फोन, या घरात आणखी कोणी राहतं का. तिने एका कानातली वायर काढून विचारलं, “काही म्हणालात?” मी नाही म्हणालो. तिने वायर परत कानात घातली.

महात्मा गांधी रोडवर मोबाइलची दुकानं आहेत, तिथे फोन घेऊन गेलो. दुकानदार समजूतदार होता. लॉक काढून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल, म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने फोन परत माझ्या हातात ठेवला. घरी येऊन मी वेगवेगळ्या आकृत्या काढून पाहिल्या. तिच्या नावाचं पहिलं अक्षर, माझ्या नावाचं, माहेरच्या आडनावाचं. पाच वेळा चुकलं की फोन काही वेळ गप्प बसायचा. मी तो परत चार्जिंगला लावायचो.

महिन्याभराने शाळेतले दुसरे शिक्षक तिच्या वस्तू द्यायला आले. वर्गात घालायच्या सपाता, स्टीलचा डबा, ती वही. चहा पिताना मी फोनचं सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो सर, बाईंचा फोन त्यांच्या हातात असायचाच कधी? पोरांकडेच असायचा. चौथीच्या पोरांना विचारा.”

दोन दिवसांनी नाशिकच्या सीबीएस स्थानकावरून मी पेठच्या गाडीत बसलो. रोज ती जायची त्या रस्त्याने मी पहिल्यांदाच जात होतो. सावळघाटात गाडी वळणं घेत होती आणि ती कुठल्या खिडकीशी बसत असेल याचा मी अंदाज करत होतो.

वर्गात भिंतीवर नवा मोठा डिजिटल बोर्ड लागला होता. तिच्या जागी आलेल्या तरुण बाई उत्साही होत्या. त्यांनी दाखवलं: मूल धडा वाचतं, ॲप ऐकतं, चुकलं की लगेच तो शब्द नीट म्हणून दाखवतं आणि शेवटी तारे देतं. “आता ऐकत बसावं लागत नाही, सर,” त्या म्हणाल्या. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पोरंही खूश होती. कोणाला किती तारे मिळाले ते मला दोघातिघांनी न विचारता सांगितलं.

मी फोन काढला तशी सगळी भोवती जमली. माझ्या बायकोची पद्धत मला त्यांच्याकडून कळली. घरी वेगळी बोली बोलणारी ही मुलं बाईंसमोर पुस्तकातलं मराठी वाचायला लाजायची. म्हणून ती फोन मुलाच्या हातात द्यायची. मुलाने एकट्याने कपाटामागे जायचं, फोन उघडायचा, धडा वाचून त्यात आवाज भरायचा आणि यायचं. संध्याकाळी बाई घरी ऐकणार आणि कसं वाचलं ते उद्या कानात सांगणार.

आकृती कशी आहे, मी विचारलं. कोणालाच सांगता येईना. शेवटी एक मुलगी पुढे आली.

“असं सांगता नाय येत, सर. हातात द्या.”

“तिला नुसतं उघडाया येतं,” मागून एक मुलगा म्हणाला, “वाचाया नाय येत.”

“तुला तं दोनी नाय,” ती मागे न बघता म्हणाली आणि सगळी हसली.

तिने फोन डाव्या हातात धरला आणि माझ्याकडे बघत अंगठा फिरवला. वरून खाली, तळाशी आडवा, परत वर. फोन उघडला. कुठलं अक्षर नव्हतं, कुठली आठवण नव्हती. लहान हाताला सोपी, एवढंच.

फोन परत देताना तिने हळूच विचारलं, “माझा शेवटचा धडा बाईंनी आयकला व्हता का?”

ऐकून सांगतो, म्हणालो.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो आणि तिच्या वायरी कानात घातल्या. प्रत्येक मुलाच्या नावाने धडे ठेवलेले होते. मी एकेक ऐकत गेलो. चार दिवस ऐकत होतो. अडखळणारी मुलं, शिंकणारी मुलं, एक मधेच रडलेला. ती कुठेही नव्हती. नसणारच. मुलाला एकटं सोडायचं हीच तर तिची पद्धत होती. तिचा ‘हं’ इथे उमटायचा, या टेबलाशी, माझ्यासमोर.

वहीत तिने ऐकलेल्या प्रत्येक धड्यापुढे बरोबरची खूण केली होती. त्या मुलीच्या शेवटच्या धड्यापुढे खूण नव्हती. तारीख पाहिली. बायको पडली आणि गेली, त्याच्या आदल्या दिवसाची.

ती संध्याकाळ मला आठवते. वायरी टेबलावर तशाच गुंडाळलेल्या होत्या. ती भाजीकडे बघत नुसती बसली होती. आज फोन नाही, म्हणून मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं आणि मी पुस्तकाचं पान उलटलं.

मी तो धडा लावला. मुलगी ‘वैशिष्ट्यपूर्ण’ या शब्दावर अडली. तीनदा मागे गेली, दम घेतला, तुकडे करून म्हणाली, मग सलग म्हणाली. धडा संपल्यावर तिने मोठ्याने विचारलं, “बाई, झालं. बंद करू?” थोडा वेळ वर्गाचा गलबला. मग लांबून, बहुधा शाळेच्या ओट्यावरून, बायकोचा दमलेला आवाज आला.

“पाणी द्या गं कोणीतरी.”

फोन फळीवर ठेवल्याचा आवाज, पळणारी पावलं, आणि पुढे बराच वेळ कपाटामागचा नुसता रिकामेपणा.

घरी तिने मला काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तेवढाच आवाज आहे. तो मी दुसऱ्यांदा अजून लावलेला नाही. मुलीचं वाचन मात्र परत ऐकलं, दोनदा, आणि वहीत तिच्या नावापुढे खूण केली. माझी खूण तिच्या खुणांपेक्षा मोठी आली.

सोमवारी पेठची सकाळची गाडी धरली. मुलीला खोटं सांगायचं नव्हतं. बाईंचं ऐकायचं राहिलं, मी ऐकलं, असं सांगणार होतो. आणि तो लांबलचक शब्द तिने कोणी न सांगता सोडवला, हे कानात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.