बॉयलरपुढचं जर-तर

माझे वडील एकतीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळत होते. कामगार त्यांना वाफकाका म्हणत. मग कारखान्याला परदेशी मालक आले आणि फर्मान निघालं : बॉयलरवर राहायचं असेल तर इंग्रजीत तोंडी परीक्षा द्या, नाहीतर गेटवर राखणीला बसा. गेटचं नाव काढल्यावर बाबांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मी शाळेत इंग्रजी शिकवते. म्हटलं, सहा आठवड्यांत तयार करते तुम्हाला.

परीक्षेत विचारणार काय, तर अमुक झालं तर काय कराल. म्हणजे सगळा खेळ ‘इफ’चा. सकाळची पाळी संपवून बाबा आले की आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसायचो. मी वहीत तीन रकाने आखले. खरंच होऊ शकेल त्याला ‘विल’. नुसती कल्पना असेल तर ‘वुड’. होऊन गेलंय, आता हातात काही नाही, तिथे ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’. आठवीच्या पोरांना हे महिनाभर उमगत नाही, बाबांना दोन दिवसांत उमगलं.

"इफ द बस कम्स लेट, आय विल वॉक. इफ आय वेअर टॉल, आय वुड क्लीन द फॅन. इफ युअर मदर हॅड सेड नो, आय वुड हॅव..."

"पुढचं मला ऐकायचं नाही," आई ओट्यापाशी म्हणाली.

मग मी बॉयलरवर आले आणि गाडी अडली.

"म्हणा, इफ द वॉटर गोज लो..."

बाबांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, सोपं आहे हे."

"माझ्याकडे पाणी कमी होत नाही."

"अहो, समजा झालं!"

"समजायचं कशाला? तोंडातून अभद्र काढू नये."

तेव्हा कुठे मला कळलं. बॉयलरपाशी कुणी ‘पाणी गेलं तर’ असं नुसतं म्हटलं, तरी जुनी माणसं त्याला बाहेरच्या नळावर पिटाळायची. चूळ भर आणि मगच आत ये. एकतीस वर्षं हे पाळलेल्या माणसापुढे माझी वही काय करणार? मी चिडले. "तुमच्या हट्टापायी गेटवर बसाल," असंही बोलून गेले. त्यांनी वही मिटली. शेवटपर्यंत तेच चाललं. बस, पंखा, आईची चेष्टा सगळं फाडफाड, आणि बॉयलर आला की दातखीळ.

परीक्षेला मी सोबत गेले. खोलीचं दार नीट लागत नव्हतं. मी बाहेर बाकावर बसले, आतलं सगळं ऐकू येत होतं. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने इंग्रजीत विचारलं, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?

"सर, नॉट हॅपन."

साहेबाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. साहेब म्हणाला, आता शेवटचं विचारतो.

खुर्ची सरकली. बाबा बाहेर आले, माझ्याकडे न बघता नळावर गेले, आधीच चूळ भरून घेतली आणि परत आत गेले.

"इफ द वॉटर गोज, आय विल स्टॉप द फायर. आय विल नॉट गिव्ह वॉटर. कोल्ड वॉटर, बॉयलर ब्लास्ट. आय विल सेंड ऑल मेन आउट."

बटणाने आग विझली नाही तर?

"हँड व्हील, सर. ऑइल क्लोज. बिहाइंड बॉयलर. आय विल गो."

आणि बॉयलर फुटायच्या बेतात असेल तर? तुम्ही पळणार नाही?

"इफ आय रन, हू विल क्लोज?"

मी जागच्या जागी गारठले. साहेबाने मोठ्याने विचारलं, घरी कोण कोण असतं?

"वाइफ. डॉटर. सर, डॉटर आउटसाइड. प्लीज टॉक स्लो."

हळू, म्हणजे मला ऐकू जाणार नाही असं बोला, म्हणायचं होतं त्यांना.

पाच मिनिटांनी बाबा बाहेर आले. हातात पास झाल्याचा कागद होता, हसू गालात मावत नव्हतं. "काय मास्तरीणबाई, जमलं की नाही?"

"जमलं," मी म्हटलं. सहा आठवडे ज्या निकालासाठी मी त्यांच्यावर ओरडत होते तो लागला होता, आणि मला ते नापास व्हायला हवे होते.